बॉनेटखालचा रंग

बाबांच्या १९८४ सालच्या पद्मिनीचे बॉनेट उघडले, की बॅटरीखालच्या पत्र्यातून थेट देवळीचा रस्ता दिसे! नवा पत्रा जोडला आणि प्रश्न आला रंगाचा.

"फाटकाचा ऑइलपेंट उरलाय," मी सुचवले.

मिस्त्री हसला. "भाऊ, फाटकावर ब्रेक ऑइल सांडते काय? पोपडे निघतीन!"

पावडर कोटिंगला पत्रा सुमारे २०० अंशांच्या भट्टीत घालावा लागतो. तिथे देवळीचा उन्हाळाही कमी पडतो. शेवटी गंज घासून इपॉक्सी प्रायमर आणि वर हार्डनर मिसळायचा रंग ठरला.

"एवढा खर्च! अन् बॉनेटखाली पाहणार कोण?" बायकोने विचारले.

दर रविवारी बॉनेट उघडून पाहणारे बाबा आता नाहीत. म्हणून रविवारी मीच उघडले.