श्रेयनामावलीतली नावं

कॉलेजच्या वार्षिकांकात संपादक मंडळाचं पान सहसा कोणी वाचत नाही. अध्यक्ष म्हणून प्राचार्य, प्रमुख संपादक मराठीचे प्राध्यापक, हिंदी आणि इंग्रजी विभागांना एकेक प्राध्यापक, मग विद्यार्थी संपादक आणि तळाशी बारीक टाइपात विद्यार्थी प्रतिनिधी. त्या पानावर मी आधी विद्यार्थी संपादक होतो आणि पुढे नोकरीत बरीच वर्षं प्रमुख संपादक. दोन्ही ठिकाणी माझ्या हातून चुका झाल्या. त्यांचं मूळ माझ्या स्वभावात होतं तितकंच त्या पानावरच्या रचनेतही होतं, म्हणून हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका थांबल्या आणि वर्गप्रतिनिधी मार्कांवर नेमले जाऊ लागले. अंकाचं मंडळही त्याच चालीनं भरलं जाई. मराठीत पहिला आलो म्हणून मी संपादक, आणि बाकीचे आपापल्या वर्गात पहिले आले म्हणून प्रतिनिधी. कुणी कधी काही लिहिलंय का, दुसऱ्याचं लेखन वाचून त्यावर बोलता येतं का, हे कोणी विचारलं नाही. प्रमुख संपादक असलेल्या सरांनी एक वही माझ्या हातात दिली आणि सभांचं इतिवृत्त लिहीत जा म्हणाले. सभा एकच झाली, फोटो काढायची. पुढच्या सगळ्या सभा मी होस्टेलच्या खोलीत बसून लिहिल्या. ‘सर्वानुमते ठरले’ असं लिहायचं आणि वर्गावर्गांत फिरून सह्या गोळा करायच्या. सही करताना वर काय लिहिलंय ते कोणी वाचत नसे, आणि ते मला सोयीचं होतं.

त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या लेखांत एक लेख वेगळा होता. बीड जिल्ह्यातून आलेली, प्रथम वर्षाची मुलगी. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिनं वहीच्या पानांवर दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं. दिवाळीनंतर गाव रिकामं कसं होतं, कोपीत पावसाचं पाणी शिरलं की झोपलेली भावंडं कुठं हलवायची, पहाटे आईच्या मागून मोळ्या वाहताना बोटं कशी बधिर होतात, मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच्याच टोळीत का जावं लागतं. सगळं तिच्या बोलीत. मधेच ती कारखान्याच्या गव्हाणीसमोर रात्रभर उभ्या राहिलेल्या बैलगाड्यांचं वर्णन करी आणि मधेच वडिलांवर रागवे, कारण त्यांनी तिला एका वर्षी शाळेतून काढून सोबत नेलं होतं. लेख संपतानाही तो राग संपला नव्हता. ‘आजून बी मला त्यांचा राग येतो’, असा काहीसा शेवट होता.

मी तो लेख ‘सुधारला’. दोन रात्री बसून, मनापासून. बोली काढून प्रमाण भाषा घातली. वडिलांवरचा राग मला अंकाला न शोभणारा वाटला, म्हणून तो काढला. शेवटी माझा एक परिच्छेद जोडला. त्यात शिक्षणाची जिद्द होती, आईवडिलांच्या कष्टांचं ऋण होतं आणि दारिद्र्याच्या अंधारातून उजेडाकडे जाणारी वाट होती. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ मी तेव्हा वाचलेलं होतं. 1981 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे मित्रांना मी सांगत असे. त्या पुस्तकाच्या भाषेवर मी कौतुकानं बोलायचो, आणि तशीच भाषा घेऊन एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा ती भाषा मी खोडून काढली.

मला थांबवायला एक माणूस होता. मंडळात विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी होती. प्रूफं वाचायला मदत करते म्हणून डीटीपीवाल्याकडे ती एकदा आली आणि मूळ हस्तलिखित व प्रूफ शेजारी ठेवून तिनं वाचलं. प्रुफाच्या समासात तिनं पेन्सिलीनं लिहिलं, ‘तिला विचारलं का?’ ते मी वाचलं. उत्तर दिलं नाही. द्यायची गरजच नव्हती, कारण तिचा आक्षेप नोंदवायला सभा नव्हती, त्यावर मत घ्यायचा नियम नव्हता आणि माझ्यावर कोणी नव्हतं. सर प्रमुख संपादक होते खरे, पण त्यांच्यासमोर फक्त अनुक्रमणिका जायची. ते फर्मे मोजायचे. सोळा पानांचा एक फर्मा, आणि फर्मा वाढला की खर्च वाढतो, एवढीच चर्चा आमच्यात होत असे. बटर पेपर प्रेसमध्ये गेला, प्लेटा झाल्या, अंक आला.

अंक वाटून झाल्यावर ती मुलगी वाचनालयाबाहेर मला भेटली. रडली नाही, भांडली नाही. अंक उघडून तिनं शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “दादा, नाव माझं हाय, पन हे माझं न्हाई.” मग तिनं सांगितलं की गावातल्या एका शिक्षकानं तो लेख तिच्या वडिलांना वाचून दाखवला, आणि वडील खूश झाले. त्यांना वाटलं, पोरीनं आपल्याला माफ केलं. आता त्यांना खरं कसं सांगायचं, असं ती मला विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, लेख चांगला झाला म्हणून सगळे सांगतायत. ती निघून गेली. पुढच्या वर्षी अंकासाठी तिला विचारायला गेलेल्यांना तिनं नाही म्हणून सांगितलं, आणि माझ्या माहितीत त्यानंतर तिनं कुठे काही छापलं नाही. त्या अंकाला विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेत बक्षीस मिळालं. त्या लेखाचा परीक्षकांनी खास उल्लेख केला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात संपादक म्हणजे ‘सत्यकथा’ मासिकाचा संपादक. तिथल्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याबद्दल सरांकडून ऐकलेलं होतं: काटेकोर, कुणाची भीड न ठेवणारे. त्या काटेकोरपणातला महत्त्वाचा भाग मला कळलाच नव्हता. ते लेखकांना पत्रं लिहीत. कथेत काय खटकतं, कुठं थांबावंसं वाटतं, हे लेखकाला सविस्तर कळवत आणि पुनर्लेखन लेखकाकडून करवून घेत. एवढं करूनही 1969 साली तरुण लघुअनियतकालिकवाल्यांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, त्यामागे संपादकाच्या एकवटलेल्या अधिकारावरचा रागही होता. मी अधिकार तेवढा उचलला. पत्र लिहिलं नाही.

पुढे मी प्राध्यापक झालो आणि अंक माझ्याकडे आला. पहिली चूक मनात होती, म्हणून मी उलट्या टोकाला गेलो. सगळं मुलांवर सोडलं. तुमचा अंक आहे, तुम्ही ठरवा, मी मधे येणार नाही. हे ऐकायला चांगलं वाटतं, आणि मुलांनाही आवडलं. पण कोणी काय ठरवायचं, कोणाच्या सहीनं पान छपाईला जायचं, हे मी लिहून दिलं नव्हतं. एका अंकात एका प्रसिद्ध कवीची कविता एका विद्यार्थ्याच्या नावावर छापली गेली. माझ्याच विभागातल्या एका सहकाऱ्यानं ती ओळखली. प्राचार्यांनी खुलासा मागितला. मी विद्यार्थी संपादकाला बोलावलं आणि दिलगिरीचं पत्र त्याच्या नावानं लिहून घेतलं.

या चुकीचं ओझं मला पहिलीपेक्षा जास्त वाटतं. पहिल्या वेळी मी वीस वर्षांचा होतो. या वेळी पगार घेत होतो. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्यानं छापील मजकुरावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव घालायची सक्ती केली होती ती एवढ्याचसाठी, की चूक झाली तर जाब विचारायला माणूस सापडावा. वार्षिकांकावर प्रमुख संपादक म्हणून माझं नाव होतं. पत्रावर सही माझी हवी होती. तो मुलगा चांगला वाचक होता, पुढे पत्रकारितेत जायचं म्हणायचा. त्या पत्रानंतर तो अंकाच्या खोलीत आला नाही. त्याच्या जागी कोण, हे ठरवायलाही आमच्याकडे रीत नव्हती. तृतीय वर्षाची मुलं गेली की अंकाची सगळी माहिती त्यांच्यासोबत जायची आणि नवी मुलं पुन्हा कोरी पाटी घेऊन सुरू करायची.

त्यानंतर आम्ही बसून अंकाचे नियम लिहून काढले. मार्कांवरची नेमणूक बंद केली. मंडळात यायचं त्यानं अर्ज करायचा आणि एक कच्चा लेख वाचून त्यावर लेखकाला लिहावं तसं पत्र लिहून द्यायचं. पत्र कसं लिहिलंय त्यावर निवड. द्वितीय वर्षाचा एक जण सहसंपादक, तोच पुढच्या वर्षी संपादक. प्रत्येक लेख नाव झाकून दोघांनी वाचायचा, मतभेद झाला तर सभेत न्यायचा, आणि नाकारलेल्या लेखालाही कारणासह उत्तर द्यायचं. शेवटचं प्रूफ लेखकाला दाखवून त्याची सही घेतल्याशिवाय पान प्रेसला जायचं नाही. मला अडवायचा अधिकार ठेवला, पण दोनच कारणांसाठी, चोरी आणि बदनामी, आणि तोही लेखी. इतिवृत्त सहसंपादकानं सभेतच लिहायचं.

यात वेळ जातो. डिसेंबरात सुरू केलेलं काम मार्चमध्ये परीक्षा येऊन भिडेपर्यंत पुरं होत नाही, आणि दरवर्षी कोणी तरी म्हणतंच, सर, एवढं कशाला, मुलांना काय कळतं. त्यांना मी सांगतो, अमेरिकेतलं ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ हे नियतकालिक 1887 पासून कायद्याचे विद्यार्थी चालवतात. प्राध्यापकांचे लेख घ्यायचे की नाही हे तिथं विद्यार्थी ठरवतात आणि अध्यक्ष संपादकांमधूनच निवडून येतो. 1990 साली बराक ओबामा तिथं असेच निवडून आले होते. आपली मुलं त्या मुलांपेक्षा कमी समजूतदार आहेत असं मला कधी दिसलं नाही. त्यांना सभा मिळत नाही, नियम मिळत नाहीत आणि चुकल्यावर पाठीशी उभा राहणारा माणूस मिळत नाही. आमच्याकडे नाव झाकून वाचायला लागल्यापासून भटक्या-विमुक्त वस्त्यांतून आलेल्या, आश्रमशाळांत शिकलेल्या मुलांचे लेख जास्त निवडले जाऊ लागले. त्यांतले बरेचसे बोलीत असतात. ते आम्ही बोलीतच छापतो. एखादा शब्द वाचकाला अडेल असं वाटलं तर लेखकाला विचारतो, आणि तो राहू द्या म्हणाला तर राहू देतो.

 इतर अनेक कॉलेजांचे अंक माझ्याकडे अभिप्रायासाठी येतात. सुरुवातीची पानं शुभेच्छा, सत्काराचे फोटो आणि विभागांचे अहवाल यांनी भरलेली असतात, आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या यादीतली नावं पुढे आत कुठेच भेटत नाहीत. या अंकांचा खर्च प्रवेशाच्या वेळी मुलांकडून घेतलेल्या नियतकालिक शुल्कातून होतो. फीच्या पावतीवर ती रक्कम वेगळी लिहिलेली असते.

यंदा ज्यांचं नाव त्या यादीत येणार आहे, त्यांना माझी विनंती आहे. मंडळाच्या इतिवृत्ताची वही मागून घ्या, वाचा, आणि न झालेल्या सभेखाली सही करू नका.