सेल न लागणारं खेळणं

विदर्भातल्या तुमसर रोडहून तिरोडीकडे निघालेला रेल्वेचा फाटा गोबरवाही मागे टाकतो आणि डोंगरी बुजुर्गकडे वळतो, तेव्हा जमिनीचा रंग पालटलेला असतो. अलीकडे धानाच्या बांध्या, पलीकडे मँगनीजचे काळेभोर ढिगारे. नाकाडोंगरीचा हा सगळा टापू धान, जंगल आणि खाण यांच्या मधोमध वसला आहे. थोडं पुढे गेलं की बावनथडी नदी आणि तिच्या पल्याड मध्य प्रदेश. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मॉइल कंपनी मँगनीज डायऑक्साइडचं खनिज काढते आणि त्याचा मोठा उपयोग कोरडे सेल बनवण्यासाठी होतो. टॉर्चमधला, घड्याळातला, रेडिओतला सेल फोडला की जी काळी पूड बोटांना लागते, तिचं माहेर अशाच डोंगरांत असतं.

या भागातल्या आठवडी बाजारात खेळण्यांचं दुकान दिसलं की मी तिथे रेंगाळते. ताडपत्रीवर मांडलेल्या गाड्या, बाहुल्या, मोबाइलसारखे डबे. बटण दाबलं की लाल-निळे दिवे आणि कर्कश गाणं. या डोंगरातून निघालेली काळी पूड देशभर फिरून, कुठल्याशा सेलात बसून पुन्हा इथल्याच लेकरांसमोर आली असेल, असं मनात येतं. आणि मग दुसरा विचार येतो, तो अधिक टोचणारा: या खेळण्यातली सगळी ताकद सेलात आहे, मग लेकराच्या वाट्याला काय उरलं?

माझ्या भाचीचं सासर याच भागातलं. तिच्या मुलाला कुणीतरी दिलेली नाचणारी गाडी अंगणात चालू होती आणि तिच्या सासूबाई माझ्या शेजारी बसून ती पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "बटन दाबलं का थे गाडीच नाचते बाई, लेकरू नुसतं पायते." बालविकासाच्या जाड पुस्तकांमधलं सार त्या एका वाक्यात होतं. खेळणं नाचतं तेव्हा मूल प्रेक्षक होतं. खेळणं गप्प बसतं तेव्हा मुलाला स्वतः काहीतरी करावं लागतं, आणि त्या करण्यातच त्याची वाढ असते.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला साधारण वीतभर, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटरवरचंच बरं दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. त्याचं पहिलं खेळणं तोच. तिच्या भुवया हलतात, ओठ मिटतात, उघडतात, आवाज येतो. या चेहऱ्याला सेल लागत नाही आणि तो बाळाच्या हुंकाराला उत्तरही देतो. तीन-चार महिन्यांचं झालं की हात समोरच्या वस्तूकडे जाऊ लागतो. तेव्हा हलका खुळखुळा हवा, मुठीत मावणारा. सहाव्या महिन्याच्या सुमारास ते बसायला लागतं, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतं आणि सगळं आधी तोंडात घालतं. या दिवसांत स्वयंपाकघरातली स्वच्छ घासलेली वाटी आणि गुळगुळीत लाकडी चमचा यांच्याइतकी मोठी चैन नाही. थंडगार स्पर्श, आपटल्यावर येणारा नाद, जमिनीवर फिरत जाऊन हळूहळू थांबणारी वाटी: किती विषय एका भांड्यात!

आठव्या-नवव्या महिन्यात एक अद्भुत गोष्ट घडते. टोपलीखाली झाकलेला चेंडू दिसत नसला तरी तिथेच आहे, हे बाळाला उमगतं. पदराआडून होणारं बुवाकूक हा त्याच शोधाचा उत्सव. वर्षाच्या आसपास डब्यात घालणं, काढणं, पुन्हा घालणं सुरू होतं. दीड वर्षाला एकावर एक रचणं आणि पाडणं. दोनाकडे झुकलं की रिकाम्या पेल्यातला चहा सगळ्यांना पाजणं, कापडाच्या बाळाला निजवणं. प्रत्येक टप्प्याची भूक वेगळी आहे आणि ती मूल स्वतःच दाखवून देतं. जे पुन्हा पुन्हा करतं, तेच त्याला आज हवं असतं. विकत घेण्याआधी आठवडाभर त्याचे हात पाहावेत. दुकानदारापेक्षा ते अधिक खरं सांगतात.

उत्तर ॲरिझोना विद्यापीठातल्या ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांच्या बाळांचा आणि त्यांच्या पालकांचा घरातला खेळ ध्वनिमुद्रित करून अभ्यास केला. दिवे-गाण्यांची खेळणी चालू असताना मोठी माणसं कमी बोलली आणि बाळांनीही कमी आवाज काढले. साध्या ठोकळ्यांशी, त्याहून अधिक पुस्तकांशी खेळताना बोलणं वाढलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ साली हेच सांगितलं, की मोठ्यांना आणि मुलाला एकत्र खेळायला लावतं ते उत्तम खेळणं. त्यासाठी ते महाग असावं लागत नाही.

आपल्याकडे हे ज्ञान वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, हातात होतं. पांगुळगाडा आठवा. तीन चाकं, उभी दांडी, आणि ती धरून मागे उभं राहिलेलं लेकरू. तोल त्याचा, पाय त्याचे, वेगही त्याचाच. मोठ्यांचा हात मात्र पाठीशी हवा. आता त्याची जागा मुलाला आत बसवणाऱ्या गोल वॉकरनं घेतली आहे. त्यात मूल चालायला लवकर शिकत नाही, उलट पायरीवरून कोसळण्याचा धोका मोठा. कॅनडानं तर २००४ मध्ये असे वॉकर विकण्यावरच बंदी घातली.

आणि तान्हा पोळा! मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली मुलं चाकांवरचा लाकडी नंदी सजवून दारोदार ओढत नेतात आणि बोजारा मिळवतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. नुकतं चालायला लागलेल्या मुलासाठी याहून नेमकं खेळणं मला सुचत नाही. दोरी ओढली की मागे काहीतरी येतं, थांबलो की तेही थांबतं, वळून पाहावं तर ते आडवं पडलेलं. कार्य आणि कारण, तोल आणि दिशा, आणि शिवाय गल्लीतली माणसं, त्यांचे पाय, त्यांचं कौतुक.

बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर साध्या, हाताशी असलेल्या वस्तूंवरचा हाच विश्वास जपला. मॉन्टेसोरींचं तत्त्व त्यांनी मनापासून स्वीकारलं. महागडं साहित्य मात्र बाजूला ठेवून खडे, शिंपले, पानं, बिया घेतल्या आणि पाड्यांवरच्या अंगणांत बालवाडी नेली. गरिबाच्या मुलाला दुय्यम काही द्यावं, हा त्यांचा हेतू नव्हता. सगळ्यांत चांगलं त्याच्या दाराशीच आहे, हे त्यांनी दाखवलं.

बियांच्या बाबतीत मात्र वयाचं भान ठेवायला हवं. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी सुरक्षिततेचा एक सोपा मापदंड आहे: जवळपास सव्वा इंच व्यासाच्या नळकांडीत जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते. चिंचोके, सागरगोटे, गोट्या मोठ्या भावंडांसाठीच. सर्वांत घातक चपटा बटण-सेल. तो गिळला गेला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू लागते. शंका आली तरी थेट दवाखाना गाठावा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे, ते पाहून घ्यावं. रंगातलं शिसं तर डोळ्यांना दिसतही नाही, पण तोंडात जाणारं शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं.

म्हणून पुढच्या पोळ्याआधीच वाढयाकडे जावं. त्याला सांगावं, नंदी बिनरंगाचा कर, कडा तासून गोल कर, शिंगं एकाच लाकडातून काढ, डोळे चिकटवू नको, कोर; चाकं रुंद ठेव आणि दोरी आखूड. त्याच्या कामाचे पुरेसे पैसे द्यावेत, कारण ही कारागिरी त्या नाचणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. आणि नंदी घरी आला की मोबाइल आत ठेवून लेकराच्या चालीनं त्याच्याबरोबर चालावं. ते थांबेल तिथे थांबावं, ते दाखवेल ते पाहावं, ते बोलेल त्याला उत्तर द्यावं. डोंगरातलं मँगनीज गाडी नाचवू शकतं. हे उत्तर मात्र आपणच द्यायचं असतं.