पुण्यात खोली बघताना

हडपसर, पुणे

चि. मुक्ता हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.च्या यादीत तुझे नाव लागल्याचे दादाने सांगितले, तेव्हा बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. त्याच फोनवर मागून तुझा आवाज आला, ‘आत्या, कुठेही बघ, फक्त स्वस्त बघ. मी कशीही राहीन.’ ते काही माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर सांगितले असते तर तू ‘हो हो’ म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहायला बसले.

कशीही राहू नकोस. दिवसभर प्रयोगशाळेत उभी राहून आलेल्या मुलीला रात्री दोन तास शांतपणे वाचता येत नसेल, तर दादाने पोटाला चिमटा काढून भरलेल्या फीचा उपयोग काय? पुस्तकांवर खर्च करताना आपण मागेपुढे पाहत नाही. राहायच्या जागेचा विषय निघाला की मात्र ‘कशीतरी काढू दोन वर्षे’ म्हणतो. मुलींच्या बाबतीत तर हमखास म्हणतो. मला हे पटत नाही.

माझे घर आहेच, आणि तू आलीस तर मला आनंदच होईल. पण हडपसर शहराच्या एका टोकाला आणि विद्यापीठ दुसऱ्या टोकाला. पीएमपीत उभे राहून रोज येण्याजाण्यातच तुझा जीव अर्धा होईल. तेव्हा सुरुवातीला माझ्याकडे उतर, पण कायमची जागा विद्यापीठाजवळ, गणेशखिंडीच्या आसपासच घ्यायची, हे मी मनाशी ठरवले आहे.

पहिले काम वसतिगृहाच्या अर्जाचे. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळाले असे होत नाही, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. पहिल्या यादीत नाव आले नाही तर खचू नकोस. काही मुली दुसरीकडे प्रवेश घेऊन निघून जातात, तशा जागा सुटतात. नोटीस बोर्ड रोज बघायचा आणि कार्यालयात जाऊन विचारायला लाजायचे नाही. एक मात्र करू नकोस. कुणा मैत्रिणीच्या खोलीत परवानगीशिवाय अंथरूण टाकू नकोस. अशा मुलांना तिथे ‘पॅरासाइट’ म्हणतात. ज्याला शहरात जागा परवडत नाही त्याला असले नाव पडावे, याचे मला फार वाईट वाटते. पण पकडली गेलीस तर जिने आसरा दिला तिचीही जागा जायची.

विद्यार्थी साहाय्यक समितीचीही चौकशी कर. खेड्यातल्या हुशार मुलांची पुण्यात राहण्या-जेवण्यावाचून अडचण होऊ नये, म्हणून अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये ती सुरू केली. मुलींसाठीही त्यांचे वसतिगृह आहे. एम.एस्सी.ला घेतात का, ते तिथे जाऊनच विचारू.

यातले काही जमले नाही तर बाहेर खोली. सदाशिव पेठ आणि नवी पेठ स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या आहेत आणि तुला त्या लांबही पडतील. तुझ्यासाठी गोखलेनगर, मॉडेल कॉलनी, औंध किंवा खडकी. गोखलेनगरात मी एक जागा बघून आले. कॉट बेसिसवर होती, म्हणजे भाडे खोलीचे नाही, एका कॉटचे. बाहेरून लोखंडी जिना, वर गेल्यावर एका खोलीची प्लायवूड ठोकून केलेली दोन दालने. खिडकी नेमकी पलीकडच्या दालनात गेलेली, त्यामुळे अलीकडे भर दुपारी ट्यूबलाइट. चार कॉट, भिंतीतला एकच प्लग, त्यावर एक्स्टेन्शन आणि एक्स्टेन्शनला लोंबणारे चार्जर. खिळ्यांना ओल्या ओढण्या. छताच्या एका कोपऱ्याला तेवढा ताजा रंग दिलेला होता, बोट लावले तर पोपडा हातात आला. तिथल्या मुलीला विचारले, ‘पाणी किती वाजता येतं गं?’ तिने आधी मालकिणीकडे पाहिले आणि मग म्हणाली, ‘असतं की दिवसभर.’ मी नमस्कार करून खाली उतरले.

म्हणून पावसातच जागा बघायची, ओल लपत नाही. पाणी, जिना आणि दाराची वेळ याबद्दल राहणाऱ्या मुलींना एकटे गाठून विचारायचे. आणि रात्री नऊच्या सुमारास बस स्टॉपपासून त्या दारापर्यंत चालून बघायचे. मी येईन सोबत. रस्त्यावरचे दिवे चालू आहेत का, एखादे औषधाचे दुकान उघडे असते का, हे दिवसा कळत नाही. मेस लावताना खाडा धरतात की नाही ते आधी विचार. नाहीतर गावी गेलीस तरी पैसे कापले जायचे.

आता कागदाचे. चौघी मिळून फ्लॅट घेतलात तर लिव्ह अँड लायसन्सचा करार झालाच पाहिजे आणि तो नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने करार नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिवाय करारच नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, उलट सिद्ध करणे मालकाच्या गळ्यात पडते. ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगायचे. नुसती कॉट घेतलीस तर निदान डिपॉझिटची सही केलेली पावती घे. जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, मग समोरचा कितीही घाई करो. राहायला गेलीस की भिंती, नळ आणि विजेचे मीटर यांचे फोटो काढून ठेव.

एक गोष्ट लिहावी की नको, असे वाटत होते. पण तुझ्याबरोबर तुझी मैत्रीणही येते आहे, तेव्हा लिहितेच. काही घरी भाड्याआधी आडनाव विचारतात. त्यावरून अंदाज लागला नाही तर ‘घरी काय खाता?’ असे विचारतात. मग एकीला जागा असते आणि दुसरीला ‘कालच दिली’ असते. असे झाले तर तूही तिथे राहू नकोस. दोघींना मिळेल तीच जागा घ्या.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, ती उगाच नाही. खेड्यातल्या मुलाला शाळा उघडी असली तरी शहरात पाठ टेकायला जागा नाही, हे त्यांनी ओळखले होते. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. त्याच्या उद्घाटनाला जाऊन आलेल्या भाऊराव पाटलांनी आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून ते राहत होते त्या जैन बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पुढे त्याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणि एका पंगतीत बसवणारे बोर्डिंग काढले. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. मला दर वेळी लक्ष्मीबाईच आठवतात. या लोकांनी वसतिगृहाला शाळेइतकेच महत्त्व दिले. आणि आज विद्यापीठे हजारोंना प्रवेश देतात आणि त्यांनी राहायचे कुठे हा प्रश्न दलालांवर सोडतात. याचा मला राग येतो आणि तो तुझ्यापासून लपवत नाही.

तुझ्या मैत्रिणीला सांग, समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज आधी भरायचा. तिथे जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती २०१६-१७ पासून सुरू आहे. पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले, त्यात भोजनाचे ३२ हजार आणि निवासाचे २० हजार. पैसे थेट खात्यात येतात, पण भाड्याच्या तारखेला येतीलच असे नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांची सोय हाताशी हवी. तिच्या घरून जमत नसेल तर तिला न दुखावता मला कळव. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे, दोघींनी नाव द्या.

दोघी सेलूहून शनिवारी रात्रीच्या एसटीने निघा आणि पहाटे वाकडेवाडीला उतरा, मी स्टँडवर असेन. गुणपत्रके, टीसी, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, आधार आणि बँकेचे पासबुक यांच्या चार-चार झेरॉक्स आणा. वहिनीला म्हणावे, गादी देऊ नका, इथे घेऊ. शेंगदाण्याची चटणी मात्र पाठवा.

तुझी,
आत्या