आजारी न पडलेल्यांचा शोध

मुझफ्फरपूरची मुलं पहाटे आजारी पडत. रात्री धडधाकट झोपलेलं पोर तीन-चारच्या सुमाराला किंचाळत उठायचं, झटके यायचे, शुद्ध हरपायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत अनेकदा फार उशीर झालेला असायचा. बिहारच्या या जिल्ह्यात १९९५पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात हे घडत होतं आणि पावसाळा लागला की आपोआप थांबत होतं. मेंदूज्वर म्हणावा, तर कित्येक मुलांना ताप नसायचा आणि तपासणीत विषाणूही सापडायचा नाही. उष्माघात, बागांमधली कीटकनाशकं, जपानी मेंदूज्वर, अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. हाच काळ तिथल्या लिचीच्या हंगामाचा. मुझफ्फरपूर म्हणजे देशातलं लिचीचं आगर. त्यामुळे लिचीकडेही बोट दाखवलं जात होतंच, पण बोट दाखवणं आणि दाखवून देणं यात मोठं अंतर असतं.

२०१४च्या हंगामात दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं म्हणजे एनसीडीसीचं पथक अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेबरोबर तिथे ठाण मांडून बसलं. २६ मे ते १७ जुलै या काळात तिथल्या दोन रुग्णालयांत अशी ३९० मुलं दाखल झाली. त्यातली १२२ दगावली. पथकाने १०४ आजारी मुलं निवडली आणि त्यांच्या जोडीला त्याच वयाची, पण हा आजार नसलेली, दुसऱ्याच कारणाने रुग्णालयात आलेली १०४ मुलं घेतली. दोन्हीकडच्या घरच्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले. मूल आजारी पडण्याआधीच्या चोवीस तासांत त्याने काय खाल्लं? बागेत गेलं होतं का? रात्री जेवलं होतं का?

उत्तरं मांडली तेव्हा चित्र दिसलं. आजारी मुलांमध्ये लिची खाल्लेली असण्याचे ऑड्स दुसऱ्या गटापेक्षा नऊ पटींहून जास्त होते आणि रात्रीचं जेवण न झालेलं असण्याचे दुपटीहून जास्त. दाखल होताना बऱ्याच मुलांच्या रक्तातली साखर घसरलेली होती. लिचीमध्ये हायपोग्लायसिन आणि एमसीपीजी अशी दोन नैसर्गिक द्रव्यं असतात. ती शरीराची साखर तयार करण्याची वाट अडवतात. पोटभर जेवलेल्या मुलाला त्याचा सहसा त्रास होत नाही. पण दिवसभर बागेत पडलेल्या लिच्या खाऊन, भूक मेल्यामुळे न जेवता झोपलेल्या आणि मुळातच अंगात साठा नसलेल्या कुपोषित मुलाची साखर पहाटेपर्यंत तळाला जाते. ७३ आजारी मुलांच्या लघवीची तपासणी झाली, त्यातल्या ४८ जणांत या द्रव्यांचे अंश मिळाले. तुलनेच्या १५ मुलांपैकी एकातही नाही.

या निष्कर्षावर वाद झाले. २०१९मध्ये तिथे पुन्हा शंभराहून अधिक मुलं गेली. लिचीचा वाटा किती, भुकेचा किती, उष्णतेचा किती, यावर तज्ज्ञ आजही भांडतात. पण मूल दाखल होताच साखर तपासा, ग्लुकोज द्या आणि लिचीच्या हंगामात एकही मूल उपाशी झोपू देऊ नका, यावर कुणाचं दुमत नाही.

आमच्याकडे साथरोगशास्त्र शिकायला येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी सर्वांत आधी हीच तपासणी शिकवते आणि विचारते, यातली सगळ्यात महत्त्वाची मुलं कोणती? बहुतेक जण ३९० म्हणतात, काही १२२ म्हणतात. माझ्या मते ती दुसऱ्या गटातली १०४ मुलं. ती नसती, तर 'आजारी मुलांनी लिची खाल्ली होती' एवढंच हाती लागलं असतं आणि त्याला काडीचा अर्थ नव्हता, कारण त्या दिवसांत तिथे लिची कोण खात नाही? डॉक्टरचं शिक्षण आपल्याला खाटेवरच्या माणसाकडे बघायला शिकवतं. साथ शोधणाऱ्याला मात्र खाटेवर नसलेल्या माणसाच्या दारात जाऊन, 'तुम्ही का आजारी पडला नाहीत?' हे विचारावं लागतं. माझ्या क्षेत्राबद्दल सांगण्यासारखी हीच एक गोष्ट आहे असं मला वाटतं. बाकी सगळं तिच्यातून निघतं.

लंडनमध्ये १८५४ साली सोहो भागात पटकीने माणसं पटापट मरत होती, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडले. ही गोष्ट आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पंपाचं हँडल काढलं, हेही सगळ्यांना पाठ असतं. पण स्नो यांची खरी हुशारी मला दुसरीकडे दिसते. पंपापासून जवळच एक गरीबगृह होतं. तिथल्या ५३५ जणांपैकी फक्त पाच जण दगावले, कारण गरीबगृहाची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या दारूच्या भट्टीत सत्तरहून अधिक कामगार होते. त्यांना बिअर फुकट मिळायची, ते पंपाचं पाणी पीत नव्हते, आणि त्यातला एकही पटकीने मेला नाही. जंतूंचा सिद्धान्त अजून सर्वमान्य झालेला नव्हता, तेव्हा मृत्यूच्या गर्दीत उभं राहून जिवंत राहिलेल्यांची चौकशी करायची, याला वेगळीच नजर लागते.

ही नजर कामाच्या जागी कशी वापरली जाते, ते एका तालुक्याच्या गावातल्या काविळीवरून सांगते. पितृपक्ष चालू होता. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला कळवलं गेलं की काविळीचे रुग्ण एकाएकी वाढलेत. पहिलं काम हिपॅटायटिस ई आहे का, यासाठी रक्ताचे नमुने पुण्याला पाठवण्याचं. पण त्याचा निकाल येईपर्यंत थांबायचं नसतं, म्हणून दुसरं काम लगेच सिस्टरच्या रजिस्टरमधून गावातल्या सगळ्या गरोदर बायकांची यादी काढण्याचं. ई प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना फारशी इजा न करता बरी होते, पण शेवटच्या तिमाहीतल्या बाईला ती झाली तर जिवावर बेतते. काश्मीरमध्ये १९७८च्या साथीत डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून हीच गोष्ट नोंदवली होती, तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं. त्या यादीतल्या प्रत्येक घरी आशाताई त्याच संध्याकाळी जाऊन आल्या. पाणी उकळून प्या, डोळे पिवळे दिसले तर रात्र असली तरी फोन करा, एवढंच सांगून.

मग लाइन लिस्ट. नाव, वय, गल्ली, लक्षणं कधी सुरू झाली, पाणी कुठलं. या आजाराची गंमत अशी की विषाणू पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात, सरासरी सहा. म्हणजे आज नळाला येणारं पाणी तपासून फारसा उपयोग नाही. शोधायचा असतो दीड महिन्यापूर्वीचा दिवस. आणि दीड महिन्यापूर्वीची तारीख कुणाच्या लक्षात असते? माझ्या बॅगेत कायम कालनिर्णय असतं ते त्यासाठीच. 'ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात' असं विचारलं की लोक गप्प बसतात. 'नागपंचमीला माहेरवाशिणी आल्या होत्या, तेव्हा नळाला पाणी कसं होतं?' म्हटलं की चार बायका एकदम बोलायला लागतात. गढूळ आलं होतं, वास मारत होता, लेकीने तोंडही लावलं नाही.

गावाच्या नकाशात रुग्णांच्या घरांवर लाल टिकल्या लावल्या तर एका गल्लीत ओळीने लाल. मधलं एक घर मात्र कोरं, आणि तेही भरल्या गोकुळासारखं, नऊ माणसांचं. त्या घरातल्या आजींना विचारलं, तर त्या ओशाळल्यासारख्या झाल्या. आमच्याकडे अजून परसातल्या आडाचंच पाणी पितात, म्हणाल्या, नळाचं भांड्यांना. आडाचं पाणी शुद्ध असतं असं मुळीच नाही, कित्येक साथी आडातूनच पसरलेल्या आहेत. पण या गल्लीत तो आड आमच्यासाठी स्नो यांच्या भट्टीसारखा ठरला. नळाचं पाणी पिणाऱ्या आजारी घरांची आणि न पिणाऱ्या निरोगी घरांची तुलना केली, तसा संशय एका जलवाहिनीवर येऊन थांबला. नागपंचमीच्या आधी गटाराच्या कामासाठी तिथे खोदलं होतं. व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्याने भरलेला होता आणि पाइपचा जोड सुटलेला. आपल्याकडे पाणी दिवसाआड येतं. पाणी बंद झालं की रिकाम्या पाइपात पोकळी तयार होते आणि फटीतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. पाण्याच्या टाकीवर क्लोरीन पुरेसं होतं, त्या गल्लीच्या शेवटच्या नळाला शून्य. क्लोरीन तपासण्याच्या ओटी टेस्टच्या नळीत तिथलं पाणी पिवळं झालंच नाही.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण लोकांना आमचं काम पीपीई किट घातलेल्या माणसांचं आणि सूक्ष्मदर्शकांचं वाटतं. प्रयोगशाळा लागतेच. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेशिवाय या देशातल्या विषाणूंच्या कित्येक साथी उलगडल्या नसत्या. पण प्रयोगशाळेला नमुना कुठून, कधी आणि कुणाचा घ्यायचा, हे पायी फिरणारा माणूस ठरवतो.

आणि हा माणूस डॉक्टरच असायला हवा असंही नाही. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या संस्थेने, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, तिथे गोचिडींतून पसरणारा नवा विषाणू शोधला. तोच आजार २०१६मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आला. तिथे आणि शेजारच्या गोव्यात त्याला माकडताप म्हणतात. काजूच्या हंगामात लोक बागेत, रानात जातात, पाल्यापाचोळ्यातल्या गोचिडी अंगावर चढतात. या आजाराचा माग काढायला कीटकशास्त्रज्ञ लागतो, पशुवैद्य लागतो, वनखात्याचा वनरक्षक लागतो. मेलेलं माकड दिसताच कळवणारा काजूवाला शेतकरी तर सगळ्यात आधी लागतो. तिथेही प्रश्न तोच. शेजारी शेजारी दोन वाड्या, एकीत ताप आणि दुसरीत नाही, असं का?

दरवर्षी बारावीनंतरची, एमबीबीएसची, बीएएमएसची, बीएस्सीची मुलं मला विचारतात, यात यायचं कसं? वाटा बऱ्याच आहेत. एमबीबीएसनंतर कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करता येतं. ज्याला विद्यार्थी पीएसएम म्हणतात आणि परीक्षेपुरतं वाचतात, तोच हा विषय. एमपीएच ही सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी नर्सिंग, दंतवैद्यक, आयुर्वेद, समाजकार्य, जीवशास्त्र अशा अनेक शाखांमधून आलेल्यांना घेता येते. तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर आणि मुंबईचं टाटा समाजविज्ञान संस्थान ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१पासून प्रत्यक्ष कामावर राहून शिकण्याचा कार्यक्रम चालतो. एनसीडीसीने २०१२मध्ये डॉक्टरांसाठी इंडिया ईआयएस सुरू केलं. अमेरिकेत १९५१मध्ये अलेक्झांडर लँगम्युअर यांनी उभ्या केलेल्या प्रशिक्षणाच्या धर्तीवरचं, दोन वर्षांचं. त्यात वर्गात बसणं थोडं, आणि साथ आली की बॅग उचलून निघणं जास्त.

पदवीपेक्षा मी मुलांत दुसऱ्याच गोष्टी बघते. अनोळखी घराच्या ओसरीवर बसून चहा घेता येतो का? त्रैराशिक आणि टक्केवारी न घाबरता मांडता येते का? कारण किती आजारी पडले यापेक्षा किती लोकांपैकी किती आजारी पडले हे आम्हाला हवं असतं आणि त्यातली खालची संख्या नेहमी रस्ता तुडवूनच मिळते. सरपंच, ठेकेदार आणि डॉक्टर तिघेही चिडलेले असताना आवाज न चढवता तोच प्रश्न पुन्हा विचारता येतो का? हे ज्यांना जमतं, ती मुलं या कामात फुलतात. जी फक्त निदानाच्या चमत्कारासाठी येतात, त्यांनी रुग्णालयातच जावं, तिथेही चांगल्या माणसांची गरज आहेच.

पगाराबद्दल आणि नोकरीबद्दल मात्र मला मोकळेपणाने बोललं पाहिजे. २००४मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आता देशभर चालू आहे. उपकेंद्रातल्या सिस्टरपासून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेपर्यंत सगळीकडून आकडे येतात, आणि कुठल्या गावात जुलाब-ताप नेहमीपेक्षा जास्त झाले हे त्यावरून कळतं. पण हे आकडे वाचणारी जिल्ह्याची साथरोगतज्ज्ञ, डेटा मॅनेजर, कीटकशास्त्रज्ञ ही पदं बहुतेक कंत्राटी. दरवर्षी नेमणुकीची मुदत संपते, दरवर्षी आदेशाची वाट बघायची. माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी हुशार मुली तीन-चार वर्षांत खासगी कंपन्यांत गेल्या. त्यांना मी दोष देत नाही. घरभाडं आदेशाची वाट बघत नाही. पण त्या जाताना काय घेऊन गेल्या, ते मला ठाऊक आहे. कुठल्या गावाची टाकी दरवर्षी धुतली जात नाही, कुठल्या वाडीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर मोजून टाकतो, कुठला खासगी डॉक्टर काविळीचा तिसरा रुग्ण बघताच न सांगता फोन करतो. हे कुठल्याही पोर्टलवर भरलेलं नसतं आणि नव्याने येणाऱ्याला ते जमवायला पुन्हा तितकीच वर्षं लागतात.

तमिळनाडूत, तेव्हाच्या मद्रास प्रांतात, सार्वजनिक आरोग्याचा कायदा १९३९मध्ये झाला आणि त्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र संचालनालय व अधिकाऱ्यांची स्वतंत्र फळी टिकवली. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात अशी फळी असावी असं म्हटलं, २०२२मध्ये केंद्राने तिचा आराखडाही राज्यांना दिला. महाराष्ट्रात प्लेगची, पटकीची, माकडतापाची, झिकाची साथ येऊन गेली आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक साथरोगतज्ज्ञ आणि एक कीटकशास्त्रज्ञ कायम पदावर नेमा, त्यांना गाडी द्या आणि पाच वर्षं तरी त्याच जिल्ह्यात राहू द्या, ही मागणी मी दर बैठकीत करते. पुढच्या बैठकीतही करणार आहे.