पैसे चरबीचे

कुरुळी, ता. खेड, जि. पुणे

चि. विक्रम,


तू विचारलंस ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. दाजींच्या फाइलमध्ये 2021 च्या जूनमधली दोन बिलं तुला सापडली. दोन्हींवर ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध, दोन्हींवर 50 मिलिग्रॅम. एक बाटली काही शे रुपयांची, दुसरी सात हजारांच्या घरातली. 'लायपोसोमल' या एका शब्दाला एवढी किंमत कशी, की आपल्याला सरळ लुटलं, असं तू विचारतोस.

लुटणारे तेव्हा होतेच, त्यांचं सोडून दे. पण दोन्ही बाटल्यांत औषधाचा रेणू तोच आहे. वरचे पैसे तू चरबीचे मोजलेस, आणि ते वाया गेले नाहीत. ते कसं, हे सांगायला पेशीच्या सालापासूनच सुरुवात करावी लागेल.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. ते बनतं फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचं. प्रत्येकाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी चालतं, शेपट्यांना अजिबात नाही. शरीरात आत-बाहेर सगळीकडे पाणीच. मग हे रेणू आपोआप दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेर आणि शेपट्या मधे लपवून. जाडी एका मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी. हॉलंडच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी 1925 मध्ये तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली, तर तिनं पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. म्हणजे थर दोन. गंमत अशी की त्यांची चरबीही पुरती निघाली नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी मोजलं गेलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं! विज्ञानात असलं नशीब क्वचितच.

आता या मधल्या तेलकट पट्ट्यातून कोणाला वाट मिळते ते बघ, त्यातच दाजींचं सगळं दुखणं आलं. कोविडमध्ये त्यांना दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड स्वतःच स्निग्ध, ते पटलातून थेट आत उतरतं. साखर पाण्यात रमणारी, तिला पटलात बसवलेलं वाहक प्रथिन लागतं. स्नायूंमध्ये तर इन्शुलिनचा निरोप आल्यावरच ही वाहकं आतून पटलावर येऊन बसतात. दाजींचा मधुमेह जुना, त्यात स्टेरॉइडनं साखर चढवली आणि प्रतिकारशक्ती दाबली. त्या स्टेरॉइडनं हजारोंचे प्राण वाचवले, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण साखरेवर नजर ठेवणं राहून गेलं, आणि हवेत, मातीत, शिळ्या भाकरीवर एरवी निमूट बसणारी बुरशी नाकातून आत शिरली. लोक तिला काळी बुरशी म्हणू लागले. ती काळी नसते. ती रक्तवाहिन्या बुजवते, मग मेलेलं मांस काळं पडतं.

तिसरे प्रवासी सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार. त्यांना पटल दारातही उभं करत नाही. पेशीत बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट पोटॅशियम असतं आणि ते तसं राखायला पटलातला पंप अहोरात्र चालतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत हा पंप ओळखला. त्यांना नोबेल मिळालं 1997 मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी.

ॲम्फोटेरिसिन घाव घालतं ते याच राखणीवर. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते 1950 च्या दशकात मिळालं. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात त्याच जागी एर्गोस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिनचे रेणू एर्गोस्टेरॉलला धरून पटलात भोकं पाडतात, पोटॅशियम गळून जातं आणि बुरशी मरते. अलीकडचं संशोधन असंही सांगतं की ते पटलातलं एर्गोस्टेरॉल ओढूनच घेतं. अडचण एवढीच, की एर्गोस्टेरॉलइतकं नाही तरी कोलेस्टेरॉललाही ते चिकटतं. साध्या बाटलीतलं औषध पित्तातल्या एका क्षाराच्या मदतीनं विरघळवलेलं असतं. ते रक्तात सुटं होतं आणि मूत्रपिंडाच्या पेशींनाही डसतं. पहिल्या दोन दिवसांत दाजींना हुडहुडी भरून ताप आला, मूत्रपिंडाचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं, पोटॅशियम उतरलं. रोज रक्त का काढतात म्हणून तू सिस्टरवर चिडला होतास, ते हेच दोन आकडे बघायला. बेचव सिरप पाजत होते तेही पोटॅशियमचंच.

मग चरबी काय करते? इंग्लंडात केंब्रिजजवळच्या बाब्रहॅमच्या संस्थेत ॲलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाहिलं, की फॉस्फोलिपिड पाण्यात टाकलं की त्याचे आपोआप पोकळ गोळे होतात, अगदी पेशीच्या पटलासारख्याच दुहेरी भिंतीचे. हेच लायपोसोम. सात हजारांच्या बाटलीत ॲम्फोटेरिसिन या गोळ्याच्या भिंतीतच रुतवलेलं असतं, सोबत कोलेस्टेरॉल देऊन. औषधाला हवं ते कोलेस्टेरॉल तिथेच मिळालं, की आपल्या पेशींकडे ते फारसं वळत नाही. बुरशीच्या अंगाला गोळा लागला, की एर्गोस्टेरॉलची ओढ जास्त पडते आणि औषध तिकडे उतरतं. भिंतीचं फॉस्फोलिपिड सोयाबीनचं, पण हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं, सोयातेलाचं वनस्पती तूप करतात तसं. त्यामुळे अंगातल्या 37 अंशांनाही भिंत सैल पडत नाही, वाटेत गळत नाही. म्हणूनच साध्या औषधाचा डोस किलोमागे एक-दीड मिलिग्रॅमवर अडतो आणि याचा पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त देता येतो. दाजींच्या 60 किलोंना 300 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला सहा बाटल्या, म्हणजे बेचाळीस हजार. हिशोब तुझ्या बिलांशी जुळेल.

आता मला खरं बोलायचंय ते पुढचं. सगळे म्हणत होते, हे परदेशी तंत्र, आपल्याकडे कुठलं? विक्रम, परळच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे मुंबई महापालिकेच्या दवाखान्यात, डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी विकसित करून 1993 मध्ये पेटंट केलं होतं. पुढे त्या केईएमच्या अधिष्ठाता झाल्या, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. ते औषध 'फंगिसोम' नावानं बाजारातही आलं. तू ज्या कामात वाढलास त्याच्याशी त्याचं नातं आहे. ते द्यायच्या आधी पाऊण तास अल्ट्रासॉनिक टाकीत धरावं लागतं, म्हणजे मोठे गोळे फुटून बारीक होतात. निघोज्याच्या शेडमध्ये जॉबवरचं ऑइल काढायला तू जी टाकी चालवायचास, तत्त्व तेच. तिथे ध्वनिलहरी तेल सोडवतात, इथे तेलाचा आकार घडवतात.

मग आपण चिठ्ठी घेऊन पिंपरीपासून पुण्यापर्यंत का फिरलो? कारण एरवी काळ्या बुरशीचा हा आजार विरळ, औषधाला गिऱ्हाईक थोडं, बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या. शुद्ध फॉस्फोलिपिड, निर्जंतुक खोल्या, एका मापाचे सूक्ष्म गोळे, हे कारखाने रातोरात उभे राहत नाहीत. 20 मे 2021 ला केंद्रानं राज्यांना हा आजार नोंदणीसक्तीचा करायला सांगितलं, 27 मे ला वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये नितीन गडकरींच्या पुढाकारानं ॲम्फोटेरिसिनचं उत्पादन सुरू झाल्याची बातमी आली: सात हजारांच्या जागी बाराशे रुपये. ते इमल्शन होतं, तेलाचे बारीक थेंब, लायपोसोम नव्हे. पण चरबीत बसवलेलं औषध वर्ध्यात बनू शकतं हे दिसलं. माझं स्पष्ट मत आहे, ज्ञान परळमध्ये अट्ठावीस वर्षं होतं, त्याच्या बाटल्या साठवून ठेवण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती. सरकारी साठ्यात सापाच्या विषावरच्या उताऱ्यासारखी याचीही जागा हवी, साथ असो वा नसो.

तेव्हा लुटीचा विचार डोक्यातून काढ. दाजींचं एका डोळ्याखालचं हाड गेलं, पण मूत्रपिंडं शाबूत राहिली, ती त्या चरबीमुळे. फाइल टाकू नकोस. आणि ताई म्हणाली, दाजींनी मार्चपासून तीन महिन्यांची शुगर तपासलेली नाही. येत्या रविवारी त्यांना लॅबमध्ये घेऊन जा आणि आकडा मला कळव.

तुझी,
मावशी