मनी अंग चाटते म्हणून

चेणे, घोडबंदर रोड
श्रावणातला पहिला सोमवार

चि. सोनूस,


काल फोनवर म्हणालीस, मावशी, मांजराचं पिल्लू आणलंय घरी, दोन महिन्यांचं आहे. आणि पुढे एकदम गप्प झालीस. का ते मला कळलं. गेल्या पावसाळ्यात मनीचं जे झालं ते तू अजून मनाला लावून घेतलं आहेस, कारण तेलाची बाटली तू दिली होतीस. बाळा, बाटली तू दिलीस, पण तेल मनीच्या मानेवर चोळलं मी. त्या दिवशी तुला अर्धंच सांगितलं होतं. आज सगळं लिहिते, कारण आता तुझ्याही घरात मांजर आहे.

आपल्याकडचा पावसाळा तुला माहीत आहे. मागे डोंगर, पुढे खाडी. कपडे चार दिवस वाळत नाहीत, कपाट उघडलं की कुबट वास येतो. तू दिवाळीत दिलेला डिफ्यूझर मला त्या वासासाठी फार आवडला होता. संध्याकाळ झाली की मी त्यात गवती चहाचं नाहीतर निलगिरीचं तेल घालायचे. डास आत येऊ नयेत म्हणून खिडक्या बंद. बिबट्या रस्त्यापर्यंत उतरतो म्हणून अंधार पडला की मोत्यालाही आत घ्यायचं आणि दार लावून घ्यायचं. म्हणजे बंद खोली, तेलाचं धुकं, आणि आत एक कुत्रा नि एक मांजर. मला वाटायचं, घराला किती छान वास येतोय. मोत्या मात्र रोज दाराच्या फटीला नाक लावून बसायचा. त्याला बाहेर जायचं असेल म्हणून मी दोनदा रागावलेसुद्धा. त्याचं नाक आपल्यापेक्षा किती तीक्ष्ण असतं हे ठाऊक असून माझ्या लक्षात आलं नाही, की तो वासापासून लांब जाऊ पाहतोय.

मग मनीला पिसवा झाल्या. तू दिलेल्या तेलांच्या पेटीत टी ट्रीची बाटली होती. झाडाचं तेल, त्वचेला चांगलं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर सात-आठ थेंब हातावर घेतले आणि मानेपासून शेपटीपर्यंत चोळले. पाण्यात नाही, खोबरेलात नाही, तसंच. ती उठून खिडकीत गेली आणि अंग चाटत बसली. तासभर चाटत होती. मी समोर तांदूळ निवडत होते आणि बघत होते.

दिवेलागणीला तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. खिडकीतून उतरताना मागचे पाय फाकले. चार पावलं चालली ती दारुड्यासारखी झोकांड्या खात, आणि बसली. अंगाला बारीक कंप. मी कान हातात घेतले तर गार. सोनू, मांजराचा कान इतका गार मी कधी धरला नव्हता.

ठाण्याकडे निघायचं तर गायमुखचा घाट तुंबलेला होता. परळचं बैलघोडा रुग्णालय तर त्या वेळी परदेशासारखं लांब. मग शेजारच्या मुलाने रिक्षा काढली आणि आम्ही काशिमीऱ्याच्या बाजूला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. निघण्याआधी त्यांना फोन लावला म्हणून निभावलं. त्यांनी विचारलं, अंगावर तेल आहे का? मग आधी धुवा. कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण. तेल साध्या पाण्याने निघत नाही. आणि उलटी करवायची नाही, कारण असलं तेल उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर आणखी वाईट. बाटली बरोबर आणा, असंही सांगितलं. मी धुतलं, कोरडं केलं, टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं. तिला सलाइन लावलं, ऊब दिली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून दूध-भाताच्या वाटीला तोंड लावलं.

ती घरी आल्यावर मी डॉक्टरांच्या मागे लागून विचारत राहिले. हे असं का झालं ते मला कळायला हवं होतं. त्यांनी समजावलं ते असं. आपल्या पोटात नको ते काही गेलं की यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल नावाची एक गोष्ट जोडतं. ती जोडली की तो पदार्थ पाण्यात विरघळतो आणि लघवीवाटे जातो. मांजराच्या यकृतात हे जोडण्याचं काम करणारं एक विकर जवळजवळ नसतंच, त्याची जनुकं पिढ्यान्‌पिढ्या मोडलेली आहेत. सबंध मार्जारकुळाचा हा वारसा आहे, म्हणजे आपल्या मागच्या डोंगरातल्या बिबट्याचाही. म्हणून तापाची पॅरासिटामॉलची गोळी, जी आपण मुलांना देतो, ती मांजराचा जीव घेते. लवंगेच्या, दालचिनीच्या तेलात जे उग्र द्रव्य असतं तेही मांजराच्या शरीराला तसंच जड जातं. सांधे चोळायला आपण वापरतो त्या गंधपुऱ्याच्या तेलात अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातलं द्रव्य असतं, तेही तसंच साठत राहतं.

आणि त्यात मांजर दिवसाचा कितीतरी वेळ अंग चाटण्यात घालवतं. हे मी आयुष्यभर बघत आले, पण त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला. आपण अंगाला अत्तर लावतो ते अंगावर राहतं. मांजराच्या अंगावर जे पडतं ते चाटून त्याच्या पोटात जातं. डिफ्यूझरचं धुकंसुद्धा. त्यातले बारीक थेंब हवेतून खाली बसतात, गादीवर, फरशीवर, मांजराच्या केसांवर.

मी एकटीच चुकले असं वाटत होतं, तेव्हा डॉक्टरांनी अमेरिकेतली एक पाहणी सांगितली. २००२ ते २०१२ या काळात तिथल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्राकडे शुद्ध टी ट्री तेलाची ४४३ प्रकरणं आली. त्यात कुत्री ३३७, मांजरं १०६. दोन ते बारा तासांत लक्षणं दिसली, काहींची तीन दिवस टिकली. अगदी मनीसारखं. त्यातल्या ८९ टक्के प्राण्यांना ते तेल घरच्यांनीच, जाणूनबुजून लावलेलं किंवा दिलेलं होतं. हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी माणसं माझ्यासारखी मायेने तेल चोळत बसली असतील. त्याच पाहणीत आणखी एक होतं, लहान वयाच्या आणि कमी वजनाच्या मांजरांना त्रास जास्त होतो. म्हणून हे पत्र आज लिहिलं, पुढच्या आठवड्यावर ढकललं नाही.

तुझं पिल्लू अजून किलोभराच्या आतच असेल. त्याच्या अंगाला कुठलंही सुगंधी तेल लावू नकोस, पातळ करूनही नाही. पिसवा झाल्या तर बारीक दातांचा कंगवा, आणि डॉक्टरांनी वजन करून दिलेलं औषध. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या काकू कुत्र्याच्या गोचिडांचं औषध देऊ करतील, त्या मायाळू आहेत, पण घेऊ नकोस. कुत्र्याच्या औषधांत पुष्कळदा परमेथ्रिन असतं. कुत्रा ते सहज सोसतो, मांजर झटके येऊन जातं.

डिफ्यूझर टाकून दे असं मी म्हणत नाही. तुला रात्री अभ्यासाला लव्हेंडरचा वास लागतो, मला माहीत आहे. पण पिल्लू ज्या खोलीत झोपतं तिथे नको. वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ. बाटल्यांची बुचं घट्ट आणि कपाट बंद. सांडलं तर लगेच साबणाने पूस. समोरच्या बिऱ्हाडात लव्हबर्ड्स आहेत ना? त्यांनाही सांग. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक.

घरातल्या दोन गोष्टी आपल्या लक्षातच येत नाहीत, त्या म्हणजे फिनाईल आणि कापूर. फिनाईलने फरशी पुसली की पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला त्या खोलीत सोडू नकोस, पंजे ओले होतात आणि ते पंजे चाटतं. मी तर आता साध्या साबणाच्या पाण्यानेच पुसते. आरती मी सोडलेली नाही. कापराची एक वडी जळते, खिडकी उघडी असते, मनी तोवर ओट्यावर असते. पण वड्यांची डबी झाकणाची केली आहे, आणि विजेवरची कापूरदाणी दिवसभर चालायची ती काढून ठेवली आहे. पोटात गेला तर कापराने झटके येतात. कपाटातल्या डांबरगोळ्याही काढल्या. कुबट वासासाठी आता ऊन पडलं की कपाटं सताड उघडते, बस्स. डासांना खिडक्यांना जाळ्या लावून घेतल्या आणि कुंड्यांखालचं पाणी रोज ओतते. खर्च झाला, पण मोत्या आता दाराच्या फटीशी बसत नाही. जाळीच्या खिडकीखाली पाय पसरून झोपतो.

सुगंधाची मला आवड आहे ती आहेच. कधी खाडीपलीकडून वसईचा सोनचाफा येतो, तो देवापुढे उंच फळीवर ठेवते. संध्याकाळी दिवा लावला की त्याचा वास खोलीभर होतो.

एक काम आजच कर. तुझ्या घराजवळ रात्री उघडं असणारं जनावरांचं रुग्णालय कुठलं, त्याचा नंबर काढ आणि फ्रिजवर चिकटव. मुंबईत महालक्ष्मीला टाटांनी २०२४ मध्ये सुरू केलेलं रुग्णालय चोवीस तास चालतं, पण तू पुण्यात. त्या रात्री मी नंबर शोधण्यात पंधरा मिनिटं घालवली आणि मनी मांडीवर थरथरत होती.

गणपतीला येशील तेव्हा पिल्लाला घेऊन ये. तुझी ती पेटी मी माळ्यावर ठेवली आहे, येशील तेव्हा परत घेऊन जा, त्यातलं लव्हेंडर तुला लागेल. मनी हे लिहिताना माझ्या पायाशी बसून पोट चाटते आहे. तिच्या मानेवरचे केस आता नीट आले आहेत.

पिल्लाचं नाव काय ठेवलंस ते तू सांगितलंच नाहीस.

तुझी,
मावशी