एकदाच आढळलेले

साहित्याच्या अभ्यासकाला शब्दसंपदा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु एखाद्या शिवाराची जीवसंपदा मोजायची कशी, हा प्रश्न आम्हांला पडला तो तळेगाव (श्यामजी पंत) येथे, कपाशी आणि तुरीच्या मधल्या धुऱ्यावर. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तेथे एक मीटर लांबी-रुंदीची चौकट मांडली. जागा मात्र त्यांनी आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवली होती. कारण मोकळा सोडलेला डोळा फुललेल्याकडेच धावतो.

चौकटीतील प्रत्येक वनस्पतीची जात आणि संख्या लिहायची, एवढेच काम. आघाडा, केना, गाजरगवत अशी नोंद सुरू झाली. आमच्याकडचा तरोटा हाच पश्चिम महाराष्ट्रातला टाकळा, तेव्हा नावे मोजणे म्हणजे जाती मोजणे नव्हे, हेही ध्यानात आले.

पण सर्वांत बोलक्या ठरतात त्या एकदाच आढळलेल्या जाती. कॉर्बेट या कीटकशास्त्रज्ञाला मलायातील फुलपाखरांच्या ११८ जातींचा एकेकच नमुना मिळाला होता. न मिळालेल्या जाती किती असाव्यात, या त्याच्या प्रश्नावर संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी केलेली मांडणी १९४३ साली प्रसिद्ध झाली. एकटे-दुकटे नमुने जितके अधिक, तितके न दिसलेले अधिक, हे त्यामागचे सूत्र. १९७६ मध्ये एफ्रॉन आणि थिस्टेड यांनी हेच गणित शेक्सपिअरला लावले. त्याच्या ३१,५३४ शब्दांपैकी १४,३७६ शब्द एकदाच आलेले; त्यावरून, लेखनात न आलेले आणखी किमान ३५,००० शब्द त्याला ठाऊक असावेत, असा त्यांचा अंदाज.

येथेच एक धोका संभवतो. तणनाशकाच्या फवाऱ्याने प्रथम नाहीशी होतात ती ही विरळ रोपे. ती गेली, की गणित सांगते, सर्व जाती सापडल्या, यादी पूर्ण झाली! ओसाड झालेला धुरा कागदावर असा निर्दोष दिसतो. म्हणून एका मोजणीवर विसंबता येत नाही; शेजारचा न फवारलेला धुरा मोजावा लागतो, पुन्हा पावसाळ्यात यावे लागते, आणि येथे पूर्वी काय उगवत असे, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागते.

उत्तरपत्रिकेत एखादाच वऱ्हाडी शब्द भेटतो, तेव्हा तो अशुद्ध ठरवण्यापूर्वी त्याच्यामागे न लिहिले गेलेले किती असतील, हा विचार आता आमच्या मनात येतो.